सहा सीझन, शून्य मासे

काकांना मी कधीही मासा पकडताना पाहिलं नाही. तीन वर्षं मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत राहिले, तीन सीझन त्यांना माझ्या गाडीतून नदीवर नेलं, काठावर फोल्डिंगची खुर्ची टाकून तासन्‌तास बसले, आणि एवढ्या काळात त्यांच्या हाताला बोटभर लांबीचा मासासुद्धा लागला नाही. तुम्हाला वाटेल, बिचाऱ्यांना जमत नसेल. तसं मुळीच नव्हतं. त्यांच्याइतक्या सफाईने पाण्यावर दोर टाकणारा दुसरा माणूस या नदीवर नाही, असं तिथल्या रिव्हर कीपरने, म्हणजे नदीची राखण करणाऱ्या माणसाने, स्वतः मला सांगितलं होतं. जमत होतं, आणि तरीही मासा येत नव्हता. त्याचं कारण या जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातली एक मी, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

काका माझे नात्यातले नव्हेत. पुण्याहून वर्क व्हिसावर मी मँचेस्टरला आले ती एका हॉस्पिटलच्या ब्लड लॅबमध्ये. महिनाभर एका कोंदट स्टुडिओत काढल्यावर लॅबमधल्या एका सीनियर बाईंनी सांगितलं की आपल्यासारख्याच लॅबमधून रिटायर झालेले एक मराठी गृहस्थ ट्रामच्या शेवटच्या स्टॉपपाशी राहतात, वरची खोली देतात, पण माणूस पारखून घेतात. मी गेले. दार उघडणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले होते. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि गळ्यात टाय. त्यांनी मला सोफ्यावर बसवलं आणि दोन प्रश्न विचारले.

"गाडी चालवता येते?"

"हो. छोटी घेतलीये, शिफ्टला जायला."

"आणि गप्प बसता येते? किती वेळ?"

मी म्हटलं, येतं की, तास-दीड तास सहज.

"पुण्याची ना तू? मग मी अर्धा तास धरतो," ते म्हणाले, आणि खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

काका मूळचे नागपूरचे. तरुणपणी आले ते इथेच राहिले, पण बोलण्यातलं नागपूर काही सुटलं नव्हतं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लंडनजवळ हाउन्सलोला, विमानतळावर नोकरीला. बैठकीच्या खोलीत निळ्या कोटातल्या बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाची छोटी मूर्ती, आणि त्यांच्या बरोबर खाली टेबलाला घट्ट बसवलेला एक लोखंडी चिमटा. त्या चिमट्यात गळ धरून काका त्यावर रेशमी दोरा, पिसं आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे केस गुंडाळून माश्या बनवायचे. खोट्या माश्या. नदीवर खऱ्या माश्या उडतात, त्या खायला ट्राउट मासा वर येतो, आणि त्याला फसवायला ही खोटी माशी दोराच्या टोकाला बांधून पाण्यावर अलगद सोडायची, असा तो सगळा खेळ. प्रत्येक माशीला इंग्रजी नाव असतं, पण काकांनी आपली नावं ठेवली होती. एक 'सासू', कारण तिची पिसं कायम पिंजारलेली. एक 'ओव्हरटाइम', कारण ती संध्याकाळी पाचनंतरच चालते.

रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांच्यातली लॅब गेली नव्हती. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर जाड मार्करने जिन्नस, वार आणि वेळ. 'वरण, मंगळ, चौदा वीस.' एकदा माझ्या दह्यावर पट्टी नव्हती, तर त्यांनी ते सरळ सिंकमध्ये ओतलं.

"काका, अहो, काल लावलं होतं ते!"

"अनलेबल्ड सॅम्पल रिजेक्ट होते. तुले लॅबमध्ये कोणी शिकवलं नाही का?"

भांडायला माझ्यात त्राण नव्हतं. त्या वर्षांत मला कशालाच त्राण नव्हतं, हेही आत्ताच सांगून टाकते. दोन दिवस दिवसपाळी, तीन रात्रपाळ्या, मग एक सुट्टी, जी झोपण्यात जायची. व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे नोकरीबद्दल कुरकुर फक्त आईकडे, फोनवर. अशा माणसाने आपली सुट्टी नदीकाठी खुर्चीत बसून का घालवावी? पण काकांची नजर गेली होती. पूर्ण नाही. समोरचं धूसर, कडेचं स्वच्छ. गाडी चालवायची बंदी झाली होती, आणि बसने जायचं तर तीन बस बदलाव्या लागायच्या. पहिल्या एप्रिलमध्ये ते रॉडची लांब पिशवी घेऊन बसस्टॉपवर उभे दिसले आणि मी गाडी थांबवली. त्यानंतर ती माझी ड्युटीच झाली.

नदी डर्बीशरच्या डोंगरांत होती. नदी कसली, आपल्याकडे तिला ओढा म्हणतील. पण पाणी झऱ्यांचं. चुनखडीच्या डोंगरात मुरलेला पाऊस खडकातून बाहेर यायचा तो गाळून, बारा महिने सारखाच थंडगार. इतकं नितळ की तळाचं गवत कुठल्या बाजूला झुकलंय ते काठावरून सांगता यावं. एप्रिलमध्ये अजून सगळीकडे कुडकुडायला व्हायचं, मेंढ्यांची नवी पिल्लं पलीकडच्या कुरणात बोंबलत असायची, आणि काका गुडघ्यांवर रांगत काठाकडे निघायचे. उभं राहिलं तर मासा पाहतो म्हणून.

"आयुष्यात मी दोनच जागी गुडघे टेकतो," ते म्हणायचे. "एक विहारात आणि एक इथे. हॉस्पिटलातल्या कन्सल्टंट डॉक्टरपुढेही नाही टेकले."

माशाला ते 'साहेब' म्हणायचे. पुलाच्या सावलीतला मोठा ट्राउट म्हणजे मोठे साहेब. वर्तुळं उमटायला लागली की मला हात करून गप्प करायचे, मी गप्पच असले तरी. "साहेब जेवून राहिले. हलू नको." मान किंचित वाकडी करून कडेच्या नजरेने ते पाणी न्याहाळायचे, आणि धड डोळ्यांच्या माझ्या आधी त्यांना वर्तुळ दिसायचं. मग हात एकदा मागे, एकदा पुढे, आणि माशी पाण्यावर जाऊन बसायची. आवाज नाही. दोन-तीन क्षण ती वाहत यायची, खालून एक सावली वर सरकायची, माशी नाहीशी व्हायची, दोर ताठ व्हायचा. काका हसायचे. आणि तेवढ्यात दोर सैल.

"सुटला," मी पहिल्या दिवशी म्हटलं. वाईट वाटून म्हटलं.

"सुटला नाही. विचारलं, उत्तर आलं, संपलं. उत्तर काय घरी घेऊन जायचं असते?"

मला ती हरलेल्या माणसाची सारवासारव वाटली. मे महिन्यापर्यंत वाटत राहिली. मग एका दुपारी नवी माशी बांधताना त्यांना दोरा ओवता येईना. तीनदा चुकल्यावर त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, ओव. मी ओवला, गाठ मारली, आणि बोटाला काहीच कसं टोचलं नाही म्हणून निरखून पाहिलं. गळाचा बाक होता, पण पुढचं टोक नव्हतं. पक्कडीने कापल्यासारखं.

"काका, तुमचा गळ तुटलाय."

"तुटला नाही. कापला."

मी दुसरी माशी पाहिली, तिसरी पाहिली. डबीतल्या सगळ्या माश्या तशाच.

मग त्यांनी सांगितलं. मेंबर झाल्यावर पहिल्याच वर्षी, पहिल्याच महिन्यात त्यांना मासा लागला होता. बऱ्यापैकी मोठा. गळ काढून परत सोडायचा म्हणून हातात घेतला, तर गळ कल्ल्यात रुतलेला. काढता काढता मासा हातातच गेला. "चाळीस वर्षं रोज रक्त पाहिलं, कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी घरी आलो आणि जेवलो नाही. पाच शीलं घेतली मी लहानपणी, पहिलंच हे, जीव घेऊ नको. घरी सगळे गळ काढले आणि कापले. एका बैठकीत."

"मग शुक्रवारी फिश अँड चिप्स खाता ते?"

"तो मी नाही मारला," ते गंभीरपणे म्हणाले. "आणि व्हिनेगर भरपूर असते."

हसू आवरल्यावर मी साहजिकच विचारलं की क्लबमध्ये कोणाला माहीत आहे का. काकांचा चेहरा बदलला. त्यांनी डबी बंद केली.

"नाही. आणि तू बोलायचं नाही. घरात आहे ते घरात."

नदी क्लबची होती. नदी कोणाच्या मालकीची कशी असेल, असं मी विचारलं होतं, तर काका म्हणाले होते, या देशात पाऊस सोडून सगळं कोणाचं ना कोणाचं असते. मेंबर व्हायला दोन मेंबरांची शिफारस लागायची आणि मग एखादी जागा रिकामी होईपर्यंत थांबायचं. काका नऊ वर्षं थांबले. काकूंना ते वेड वाटायचं. पण काकांचं म्हणणं साधं होतं. शाळेत ते 'आपल्या वस्तीतला हुशार मुलगा' होते, लॅबमध्ये 'तो चांगला इंडियन माणूस' होते, इथल्या मराठी सोसायटीच्या कार्यक्रमात कोणाचे आदर्श, कोणाचे अपवाद. "मी साधा कधी नव्हतोच गं. इथे मी साधा आहे. एक मेंबर, ज्याला मासे लागत नाहीत. दहा-बारा आहेत तसे. पावसात भेटले की म्हणतात, बॅड लक. मी पण म्हणतो, बॅड लक. कित्ती बरं वाटते तुले सांगू."

असंच एकदा परत येताना गाडीत त्यांनी मला विचारलं, "तुझ्या आजोळी विहीर होती?"

"हो, परसात."

"कोणाची?"

"आमचीच."

"हं," ते म्हणाले. खिडकीची काच थोडी खाली केली. मग म्हणाले, "आमच्या माणसांनी एका तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायला मार खाल्ला आहे. माझ्या आजाने सांगितलेलं. म्हणून मले पाण्याच्या काठावर उभं राहायला आवडते. कोणाची परवानगी न मागता, माझ्या हक्काने." मी रेडिओ बारीक केला, तो आधीच बारीक होता.

नदीकाठी लाकडाची एक खोपटीवजा खोली होती. तिथे वही असायची. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, किती मासे लागले, किती ठेवले. खोटं लिहिलं तर मेंबरशिप गेली, हा क्लबचा सगळ्यांत कडक नियम. काका डोळ्यांशी वही धरून मोठ्या अक्षरात शून्य काढायचे. मी म्हणायचे, एखाद वेळी एक तरी लिहा हो, कोण बघतंय. ते माझ्याकडे असे पाहायचे, जणू मी लॅबमध्ये कोणाचा रिपोर्ट बदलून आले आहे.

माझ्या तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, सेक्रेटरीचं पत्र आलं. पत्रं मीच वाचून दाखवायचे. भाषा अतिशय सभ्य. काकांच्या टप्प्यात, म्हणजे नदीच्या त्यांना नेमून दिलेल्या भागात, त्यांनी वहीत सही केलेल्या दिवशी, काठावरच्या गवतात कीपरला ट्राउटची आतडी सापडली होती. कोणीतरी मासे मारून तिथेच साफ केले होते. त्यावरून वही पाहिली गेली, तर अगदी सुरुवातीचा एक मासा सोडून पुढे सहा सीझन आणि एकही मासा नाही. इतक्या कुशल मेंबरच्या बाबतीत कमिटीला हे जरा समजत नाही. एकदा भेटून बोलता आलं तर बरं.

"चोर म्हणतायत तुम्हाला!" मी म्हटलं.

"म्हणत नाहीत. विचारून राहिले," काका म्हणाले. पण पत्र त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी पत्रावर चिकटपट्टी लागली, वार आणि वेळेसकट.

त्या आठवड्यात मी रोज तेच सांगत होते. एक माशी दाखवा, विषय संपेल. ते रोज मान हलवत होते. "मी वहीत लिहिलं ते खरं आहे, एवढंच सांगणार. दुसऱ्या मेंबरला विचारलं असतं तर त्याने तेवढंच सांगितलं असतं."

"आणि नाही पटलं त्यांना तर? काढून टाकतील काका!"

"तर टाकतील."

मीटिंग शनिवारी सकाळी दहाला, गावातल्या हॉलमध्ये. मी शुक्रवारची रात्रपाळी करून, घरी येऊन, तोंडावर पाणी मारून, त्यांना घेऊन निघाले. काकांनी ब्लेझर घातला होता, बूट चकचकीत. मी डोळे उघडे ठेवायला गालाला चिमटे काढत होते. पाऊस होता म्हणून सेक्रेटरीने मलाही आत बोलावलं आणि कोपऱ्यात खुर्ची दिली. ते रिटायर झालेले गुरांचे डॉक्टर, उंच आणि भला माणूस. शेजारी कमिटीचे आणखी एक गृहस्थ, आणि टोपी हातात धरून कीपर.

काकांनी ठरवलं होतं तेच सांगितलं. वहीत आहे ते खरं आहे.

"सहा वर्षांत एकही नाही?" सेक्रेटरी म्हणाले. "माफ करा, पण आमच्या सर्वांत वाईट मेंबरलासुद्धा वर्षाला दोन-तीन लागतात."

"मला नाही लागले."

"हे कसं दिसतं, तुम्हाला कळतंय ना?"

"कसं दिसतं ते कळतंय. कसं आहे ते मी सांगतोय."

मग नुसता हीटरचा आवाज. सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, घातला. दुसऱ्या गृहस्थांनी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. काकांनी तेच उत्तर त्याच शब्दांत दिलं. पंचवीस मिनिटं हे चाललं होतं. माझी मान दोनदा छातीवर पडली आणि दोनदा मी दचकून जागी झाले.

पुढे जे झालं त्याबद्दल मी नंतर लोकांना पुष्कळदा सांगितलं की मला अन्याय बघवला नाही. हे खोटं आहे. मला घरी जायचं होतं. मला झोप हवी होती, आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता की या म्हाताऱ्याच्या हट्टापायी मी इथे बसले आहे आणि संध्याकाळी मला पुन्हा शिफ्ट आहे. मी उठले, काकांच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीतून डबी काढली आणि टेबलावर उघडी ठेवली.

"टोकच नाहीये," मी इंग्रजीत म्हटलं. "बघा. एकालाही नाही. ते बुद्धिस्ट आहेत, जीव घेत नाहीत. त्यांना मासा लागूच शकत नाही."

काका माझ्याकडे वळले नाहीत. त्यांनी फक्त हात मांडीवर ठेवले.

सेक्रेटरींनी एक माशी बोटावर घेतली, उजेडाकडे धरली, अंगठ्याने दाबून पाहिली. मग ती कीपरकडे दिली. आणि मग ते हसले. अगदी मोकळं, मनापासूनचं हसणं, त्यात वाईट काहीही नव्हतं. दुसरे गृहस्थ उठून आले आणि त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत घेतला. कीपर म्हणाला की तीस वर्षांत त्याने असं काही पाहिलं नाही. सगळ्यांनी माफी मागितली. आतडी बहुतेक पाणमांजराचं काम असणार, असंही लगेच कोणालातरी सुचलं. मग सेक्रेटरी म्हणाले, यातली एक आम्हाला द्याल का, फ्रेम करून खोलीत लावू. काकांनी डबीवर मान वाकडी केली, बोटांनी चाचपून एक चांगली माशी निवडली आणि दिली. थँक यू म्हणाले. सगळ्यांशी हस्तांदोलन केलं.

गाडीत बसल्यावर मी विजयी होते. "सुटलात की नाही? पाच मिनिटांत!"

काकांनी सीटबेल्ट लावला. क्लिप सापडायला त्यांना वेळ लागला.

"गळावर विश्वास ठेवला त्यांनी," ते म्हणाले. "माझ्यावर कोणी ठेवला?"

"अहो पण काढून टाकलं असतं तुम्हाला!"

"टाकलं असतं. एका मेंबरला खोटारडा म्हणून टाकलं असतं. मेंबर तर म्हटलं असतं. आता मी त्यांचा लाडका म्हातारा झालो." आवाज चढला नव्हता. "तुले सांगितलं होतं ना मी, बोलू नको म्हणून."

मी म्हटलं, सॉरी काका, मी फार दमले होते. ते म्हणाले, माहीत आहे.

त्यांचं खरं ठरायला पंधरा दिवस लागले. पलीकडच्या काठावरून लोक हात करायला लागले. कोणी पाहुणे घेऊन यायचे, "हेच ते," आणि काकांना डबी उघडायची विनंती करायचे. एका बाईंनी त्यांचा नदीकडे पाहतानाचा फोटो काढला. क्लबच्या बातमीपत्रात दोन परिच्छेद आले, त्यात 'पौर्वात्य शहाणपण' असा शब्द होता. मी तो वाचून दाखवताना गाळला. पावसात भेटल्यावर आता कोणी बॅड लक म्हणत नव्हतं. मोठे साहेब एकदा पुलाखाली जेवत असताना तीन माणसं मागे येऊन उभी राहिली, काका कसे टाकतात ते पाहायला. काकांनी दोर गुंडाळला, उठले, गुडघे झटकले.

सप्टेंबरमध्ये सीझन संपला तेव्हा त्यांनी राजीनाम्याचं पत्र मला लिहायला सांगितलं. कारण म्हणून डोळे लिही, म्हणाले. डोळे खरोखरच वाईट झाले होते, पण दोर टाकण्याइतके होते. मी लिहिलं. त्यांना थांबवायला हवं होतं, निदान मीच जाऊन सेक्रेटरींशी बोलायला हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा मात्र मनाच्या एका कोपऱ्यात मला सुटल्यासारखं झालं होतं, की आता सुट्टीच्या दिवशी झोपता येईल. त्याची लाज मला अजून वाटते. झोपसुद्धा नीट लागली नाही. सकाळी सहाला जाग यायची आणि खाली चिमट्यापाशी ते नुसतेच बसलेले असायचे.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मला लंडनमध्ये नोकरी मिळाली, मी स्टॅनमोरला आले. त्यानंतर काकांनी घर सोडलं आणि ते मुलीकडे हाउन्सलोला गेले. मी कधीमधी भेटायला जाते. तिथे डोक्यावरून सतत विमानं जातात, आणि आवाजावरून कोणतं आहे ते काका सांगतात. मुलगी म्हणते, बाबा, बरोबर की चूक ते मला कसं कळणार? बाबा म्हणतात, तुले कळायची गरज नाही. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्याआधीच्या मार्चमधलं.

मी सकाळी कामावरून आले होते, काका किचनमध्ये चहा गाळत होते. फोनवर क्लबच्या सेक्रेटरीचा ईमेल होता. काकांच्या जाण्याने एक जागा रिकामी झाली आहे. त्या दिवशी मी ज्या धिटाईने बोलले ती कमिटीच्या सर्वांच्या लक्षात आहे. माझी इच्छा असेल तर मला या सीझनपासूनच मेंबर करून घेण्यात त्यांना आनंद वाटेल, शिफारशीच्या दोन सह्या त्यांनी स्वतःच करून ठेवल्या आहेत. मी तो दोनदा वाचला आणि फोन उलटा ठेवला.

"क्लबचा आला का?" काकांनी विचारलं.

मी साखरेचा डबा पुढे ओढला.

"फोन आला होता मले सेक्रेटरीचा. तुझा ईमेल मीच दिला. घे, चहा घे."

"काका, मला कुठे मासेमारी येते? मी रॉड हातात धरलेला नाही कधी."

"ते विचारलं त्यांनी?"

"नाही."

काकांनी गाळणं सिंकमध्ये ठेवलं, समोरच्या खुर्चीवर बसले आणि कपाभोवती दोन्ही हात धरले.

"मले विचारलं होतं, अर्ज दिला तेव्हाच," ते म्हणाले. "तिघं जण होते. सेक्रेटरीच्या घरामागे लॉन आहे, तिथे उभं केलं. पाणी नाही, मासा नाही, नुसतं गवत. म्हणाले, टाकून दाखवा. टाकलं. म्हणाले, परत. चारदा टाकायला लावलं. तुझी काकू गाडीत बसली होती. तिले मी आधीच सांगून ठेवलं होतं, इकडे पाहू नको."

मी फोन सुलटा केला. मग त्यांच्यासमोरच मी दोन ओळींचं उत्तर लिहिलं, की आभारी आहे, पण मला जमणार नाही. दुपारी मी झोपून उठले तर सेक्रेटरींचं उत्तर आलं होतं, फार छान शब्दांत. काही हरकत नाही, माझ्यासाठी जागा राखून ठेवतो, मन बदललं की नुसतं कळवावं.

"काय म्हणतात?" खालून काकांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "बरं म्हणाले."